खानदेशच्या रस्त्यांसाठी स्पोर्ट बाइकमधील बदलांची निवड

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारमध्ये दीडशे ते सुमारे तीनशे सीसीची स्पोर्ट बाइक नुकतीच घेतलेला तरुण गॅरेजात शिरतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न बहुधा सायलेन्सरचा असतो आणि दुसरा एअर फिल्टरचा. हे दोन्ही प्रश्न यादीच्या तळाशी जावेत आणि त्यांची जागा चेन-स्प्रॉकेटला (चेन आणि तिच्या पुढच्या-मागच्या दातेरी चकत्यांना) मिळावी, असे या लेखाचे म्हणणे आहे. रोजच्या वापरात पैशाच्या मानाने सर्वाधिक फरक तिथेच जाणवतो. यामाहा आर१५, केटीएम आरसी २००, बजाज पल्सर आरएस २०० किंवा टीव्हीएस अपाची आरआर ३१० अशा गाड्या समोर ठेवून पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत. शर्यतीच्या ट्रॅकसाठी गाडी बांधणाऱ्याचा मार्ग वेगळा असतो आणि तो येथे विचारात घेतलेला नाही.

पहिली पायरी : तक्रार नेमकी लिहून काढणे

“पिकअप कमी वाटते” एवढ्यावरून कोणताही भाग निवडता येत नाही. कोणत्या रस्त्यावर, कोणत्या गिअरमध्ये, किती आरपीएमवर (इंजिनच्या मिनिटातील फेऱ्यांवर) आणि मागे कोणी बसलेले असताना गाडी अडते, हे कागदावर आले की निम्मे काम होते. “चाळीसगावहून कन्नड घाट चढताना मागे माणूस असला की तिसऱ्या गिअरमध्ये गाडी दम टाकते आणि दुसऱ्यात उगाच ओरडत राहते” ही उपयोगी तक्रार आहे, कारण तिच्यातून दोन गिअरांमधील अंतराचा प्रश्न सरळ समोर येतो. “धुळे ते जळगाव चौपदरी रस्त्यावर ९०च्या वेगाने अर्धा तास चालवले की हँडलला मुंग्या येतात” हीसुद्धा तितकीच उपयोगी तक्रार आहे, मात्र तिचे उत्तर पहिलीच्या नेमके उलट आहे.

खानदेशात हा विरोध फार तीव्र आहे. तापीच्या खोऱ्यात राष्ट्रीय महामार्ग ५३ मैलोन्मैल सपाट जातो, तर त्याच्या दोन्ही अंगांना सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर असल्यामुळे तोरणमाळ, कन्नड आणि फर्दापूरजवळचा अजिंठा घाट या चढणी सुट्टीच्या दिवसाच्या आवाक्यात येतात. दोन्हींसाठी उत्तम ठरेल असे एकच गिअरिंग नसते. वर्षभरातील बहुतेक किलोमीटर ज्या रस्त्यावर होतात त्या रस्त्यासाठी गाडी लावावी आणि घाटात एक गिअर खाली टाकण्याची तयारी ठेवावी, हे माझ्या मते शहाणपणाचे आहे.

दुसरी पायरी : आहे ती गाडी आधी पूर्ववत करणे

नवे भाग घेण्यापूर्वी गाडी कंपनीने दिली तेवढी तरी शक्ती देते आहे का, हे पाहावे लागते. मेन स्टँड किंवा पॅडॉक स्टँडवर मागचे चाक हाताने फिरवावे. ते जड फिरत असेल तर ब्रेक घासतो आहे, चेन नको तितकी ताणलेली आहे किंवा बेअरिंग गेले आहे. टायरमधील हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी, कारण उन्हात तापलेल्या टायरवर घेतलेला आकडा फसवा असतो. व्हॉल्व्ह क्लिअरन्स, प्लग आणि एअर फिल्टर यांची वेळ मॅन्युअलप्रमाणे पाहावी. फिल्टरची वेळ मात्र आपल्याकडे त्याहून लवकर येते. शेतरस्त्यांवर उडणारी काळ्या मातीची बारीक धूळ कागदी फिल्टरच्या घड्यांत अशी बसते, की पीठ चाळून ठेवल्यासारखा थर दिसतो. असा फिल्टर बदलला की “गाडी नवी झाली” असे वाटते, आणि ते खरेच असते.

येथे उन्हाळ्याचा हिशेबही समजून घ्यावा. इंजिनची शक्ती सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या हवेच्या वजनावर अवलंबून असते आणि हवा तापली की विरळ होते. त्याच दाबाला २५ अंश सेल्सिअसच्या तुलनेत ४५ अंशांवरील हवा सुमारे ६ टक्के विरळ असते. आर१५ची शक्ती कंपनी १८.४ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) सांगते. त्यातून ६ टक्के वजा केले, तर मे महिन्यातील जळगावच्या दुपारी एक पीएसहून थोडी अधिक शक्ती हवेतच गेलेली असते. डिसेंबरमधल्या पहाटे तीच गाडी चपळ वाटते, त्याचे मुख्य कारण हे आहे. “सायलेन्सर बसवला आणि गाडी पळायला लागली” असे सांगणाऱ्याला तो कोणत्या महिन्यात बसवला, हे अवश्य विचारावे.

लिक्विड-कूल गाडीचा रेडिएटरही याच पायरीत येतो. त्याच्या पात्यांमध्ये चिखल आणि किडे अडकून वाट बुजते, ती मऊ ब्रशने आणि साध्या धारेच्या पाण्याने मोकळी करावी. वॉशिंग सेंटरवरची जोरदार धार जवळून मारली तर पाती वाकतात. कूलंटऐवजी नळाचे पाणी भरण्याची सवय तर पूर्णपणे सोडावी.

तिसरी पायरी : टायर आणि ब्रेक

या पायरीत निवड कमी आणि शिस्त जास्त आहे. टायर जुने होऊन टणक झाले असतील तर त्याच मापाचे चांगले रेडियल टायर घ्यावेत. रुंद टायरचा मोह टाळावा, कारण १४०/७०-१७ ऐवजी १५०/६०-१७ बसवल्यास चाकाचा घेर सुमारे अडीच टक्के घटतो, गिअरिंग नकळत बदलते आणि अरुंद रिमवर टायरचा आकारही बिघडतो. ब्रेक फ्लुइड हवेतील ओलावा शोषते, म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ते बदलावे. केळीच्या आणि उसाच्या भागात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर रस्त्यावर आलेली माती पहिल्या पावसात साबणासारखी होते. तेथे एका जास्तीच्या पीएसपेक्षा चांगले पॅड आणि चालू स्थितीतील एबीएस यांची किंमत अधिक आहे.

चौथी पायरी : गिअरिंग, म्हणजे स्प्रॉकेटची निवड

मागच्या स्प्रॉकेटच्या दातांना पुढच्या स्प्रॉकेटच्या दातांनी भागले की अंतिम गुणोत्तर मिळते. हा आकडा वाढला की चाकावर पोहोचणारा टॉर्क (फिरवण्याचा जोर) वाढतो, गाडी लवकर उचलते आणि त्याच वेगाला इंजिन अधिक फिरते. आकडा कमी झाला की याच्या उलट होते. इंजिनची शक्ती दोन्ही बाबतींत तेवढीच राहते.

आर१५च्या अलीकडच्या पिढीत पुढे १४ आणि मागे ४८ दात असतात, म्हणजे गुणोत्तर ३.४३ होते. पुढे १३ दातांचे स्प्रॉकेट बसवल्यास ते ३.६९ होते आणि बदल ७.७ टक्क्यांचा असतो. मूळ जोडीत एखाद्या वेगाला इंजिन ७,००० आरपीएमवर फिरत असेल, तर आता त्याच वेगाला ते सुमारे ७,५४० आरपीएमवर फिरेल. पुढे १५ दात घेतल्यास गुणोत्तर ३.२० वर येते आणि बदल उलट दिशेने ६.७ टक्क्यांचा होतो. मागे १४ला जोडून ५० दात घेतल्यास ३.५७, म्हणजे केवळ ४.२ टक्क्यांचा फरक पडतो. यावरून दिसते, की पुढचा एक दात मागच्या तीन ते चार दातांइतका भारी असतो. पुढचे स्प्रॉकेट स्वस्त असल्याने गॅरेजात तेच आधी सुचवले जाते, परंतु नवख्याने मागे दोन दातांपासून सुरुवात केली तर बदल बेताचा राहतो आणि चेनही सुखात राहते. लहान पुढच्या स्प्रॉकेटवर चेनच्या प्रत्येक कडीला अधिक वाकावे लागते, ती लवकर झिजते आणि स्विंगआर्मवरील (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावरील) रबरी पट्टीवर अधिक घासते.

टॉप स्पीडविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. पुढे एक दात वाढवला की गाडी तेवढ्या टक्क्यांनी अधिक पळेल, असे गणित मांडले जाते. प्रत्यक्षात वेग वाढत जातो तसा हवेचा विरोध त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्क्यांनी वाढवायचा तर शक्ती सुमारे ३३ टक्के अधिक लागते, म्हणजे १८.४ पीएसच्या गाडीला साडेचोवीस पीएस हवेत, आणि ते स्प्रॉकेटमधून येणार नाहीत. त्यामुळे लहान इंजिनावर १५ दात घेतले की सहावा गिअर केवळ विसाव्याचा उरतो आणि समोरून पश्चिमेचा वारा असला, तर गाडीला पाचव्यातच राहावे लागते. महामार्गावर ८० ते ९०च्या वेगाने शांत चालवणाऱ्याला मात्र हाच बदल आवडू शकतो, कारण इंजिन कमी फिरल्याने थरथर कमी होते आणि ॲव्हरेजही थोडे सुधारू शकते.

मग कोणी काय घ्यावे? जळगाव शहरात आकाशवाणी चौकापासून अजिंठा चौफुलीपर्यंत रोज सिग्नल-सिग्नल जाणारा आणि अधूनमधून मागे कोणाला बसवून घाट चढणारा मागे दोन दात वाढवून समाधानी राहील. भुसावळ, मुक्ताईनगर किंवा शिरपूरच्या बाजूने रोज महामार्गावरून येणाऱ्याने मूळ जोडीच ठेवावी. कंपनीच्या अभियंत्यांनी काढलेला तो मध्यबिंदू सहसा चुकीचा नसतो. पुढे १३ दात मी फक्त त्याला सुचवीन, ज्याचे बहुतेक चालवणे तोरणमाळच्या पायथ्याच्या गावांत, चढ-उतारावर आणि कमी वेगात होते.

विकत घेण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली वेगमापकाची. वेग चाकावरील सेन्सरवरून मोजला जात असेल तर स्प्रॉकेट बदलून काही बिघडत नाही. गिअरबॉक्सच्या बाजूने मोजला जात असेल तर स्पीडोमीटर आणि किलोमीटरची नोंद दोन्ही तेवढ्याच टक्क्यांनी चुकतात. काही गाड्यांमध्ये गिअर दाखवणारा आकडाही वेग आणि आरपीएमच्या प्रमाणावरून काढलेला असतो आणि तो गोंधळतो. दुसरी गोष्ट चेनच्या मापाची आहे. ४२८ चेनचा पिच (शेजारच्या दोन पिनांमधील अंतर) १२.७ मिलिमीटर आणि ५२० चेनचा १५.८७५ मिलिमीटर असतो. एकीचे स्प्रॉकेट दुसरीला चालत नाही. मागच्या ॲल्युमिनियमच्या स्प्रॉकेटची जाहिरात हलकेपणाची असते, पण धुळीत ते लवकर झिजते आणि आपल्या भागात पोलादी स्प्रॉकेटच बरे.

पाचवी पायरी : चेन-स्प्रॉकेट बसवणे आणि राखणे

जुन्या चेनवर नवे स्प्रॉकेट बसवू नये. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी पाठीमागच्या टोकाला चेन बोटांनी ओढून पाहावी. ती उचलून दाताचा अर्धा भाग उघडा पडत असेल तर चेन संपली आहे, आणि अशा वेळी दोन्ही स्प्रॉकेट व चेन असा पूर्ण संच बदलावा. मागे दोन दात वाढवल्यावर ४२८ चेनमध्ये ॲक्सल (मागच्या चाकाचा आस) सुमारे सहा मिलिमीटर पुढे घ्यावी लागते, तेवढी जागा समायोजकात शिल्लक असते. तीन-चार दात वाढवायचे असतील तर अधिक कड्यांची चेन मागवावी.

बसवताना समोर उभे राहून तीन गोष्टी पाहाव्यात. पुढच्या स्प्रॉकेटचा नट टॉर्क रेंचने आवळला जातो आहे आणि त्याचे लॉक वॉशर नीट बसले आहे, ही पहिली. स्विंगआर्मवरील खुणांवर विसंबून न राहता, पिव्होटपासून ॲक्सलपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी पट्टीने मोजले आहे, ही दुसरी. चेनला क्लिपची कडी असल्यास क्लिपचे बंद तोंड चेन धावते त्या दिशेला असले पाहिजे, ही तिसरी. उलट बसलेली क्लिप एखाद्या दगडाने उघडते आणि सुटलेली चेन इंजिनची केसिंग फोडू शकते. चेनचा ढिलेपणा स्विंगआर्मवरील स्टिकरप्रमाणे ठेवावा, अनेक गाड्यांत तो २५ ते ३५ मिलिमीटरच्या दरम्यान असतो, आणि चाक फिरवून चेन जिथे सर्वांत घट्ट लागते त्या ठिकाणी तो मोजावा. चेन घट्ट ठेवली की गाडी “टाइट” चालते ही समजूत गिअरबॉक्सच्या बेअरिंगला महागात पडते.

ओ-रिंग किंवा एक्स-रिंग चेन पेट्रोलने धुऊ नये, त्याने रबरी रिंगा कडक होतात. रॉकेल किंवा चेन क्लीनर आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. साधारण पाचशे किलोमीटरनंतर, आणि पावसात भिजल्यावर त्याच दिवशी, गाडी चालवून आल्यावर कोमट चेनच्या आतल्या बाजूने ल्यूब किंवा ९० नंबरचे गिअर ऑइल लावून वरचे पुसून टाकावे. जाड ग्रीस फासू नये, कारण आपली धूळ त्यात मिसळली की घासकागदासारखे काम करते. पावसाळ्यानंतर एकदा पुढच्या स्प्रॉकेटवरचे झाकण उघडून पाहावे. काळी माती आणि जुने ल्यूब यांचा तेथे जो गोळा जमतो, तो स्क्रूड्रायव्हरने खरवडूनच काढावा लागतो.

सहावी पायरी : क्लच

मूळ क्लच निरोगी असेल तर येथे खर्च करण्याचे कारण नाही. तो घसरत असल्याची शंका आली तर प्लेटी मागवण्याआधी ऑइल पाहावे. या गाड्यांचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, म्हणून डब्यावर जासो एमए किंवा एमए२ असा दर्जा लिहिलेले मोटारसायकलचे ऑइल लागते. मोटारीच्या ऑइलमधील घर्षण कमी करणारे घटक क्लच घसरवतात. क्लचच्या कडक स्प्रिंगांनी केवळ बोटे दुखतात.

सातवी पायरी : फिल्टर, सायलेन्सर आणि ईसीयू

हे तीन भाग वेगवेगळे विकले जात असले, तरी त्यांचे काम एकमेकांवर अवलंबून असते. फ्यूएल इंजेक्शन असलेल्या गाडीत ईसीयू (इंजिनचा संगणक) शांत चालवण्याच्या वेळी ऑक्सिजन सेन्सरच्या आधारे हवा-पेट्रोलचे मिश्रण सुधारून घेतो. पूर्ण थ्रॉटलवर मात्र तो आपल्या ठरलेल्या तक्त्यावर जातो. त्यामुळे जास्त हवा सोडणारा फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर बसवून तक्ता तोच ठेवला, तर नेमके जिथे शक्ती हवी तिथे मिश्रण पातळ होऊ शकते आणि इंजिन अधिक तापते. पंपांवरील पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि अशा इंधनाला तेवढ्याच हवेसाठी अधिक मात्रा लागते, ही भर त्यात पडते. पॉवरट्रॉनिकसारखे पिगीबॅक उपकरण (ईसीयूला जोडून मिश्रण बदलणारे) किंवा रिमॅप (ईसीयूचा तक्ताच बदलणे) यावर उपाय ठरतो, पण त्यासाठी गाडी डायनोवर (शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) चढवून मिश्रण मोजणारा जाणकार लागतो. घरबसल्या मिळालेला “तयार मॅप” दुसऱ्याच्या गाडीचा, दुसऱ्या हवेचा आणि दुसऱ्या पेट्रोलचा असतो.

दीडशे-दोनशे सीसीच्या इंजिनावर केवळ स्लिप-ऑनने (फक्त शेवटचा सायलेन्सर बदलून) एखादा पीएस वाढला तरी पुष्कळ झाले. विक्रेता डायनोचा कागद दाखवेल तेव्हा आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही कागद मागावेत. चाकावर मोजलेली शक्ती कंपनीच्या क्रँकवरील आकड्यापेक्षा साधारण १० ते १५ टक्क्यांनी कमी दिसते, म्हणून एकाच यंत्रावरील दोन आकड्यांचीच तुलना करता येते. तेलाच्या कापडी फिल्टरबद्दल माझे मत स्पष्ट आहे: तो अधिक हवा सोडतो तशी अधिक बारीक धूळही सोडू शकतो, आणि एप्रिल-मेच्या वावटळींत खानदेशात तो सौदा परवडत नाही. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) वाढवून देण्याच्या गोष्टीही आर१५च्या मालकाने कानाआड कराव्यात, कारण यामाहाचे डायसिल सिलिंडर पूर्णपणे ॲल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातूचे असते आणि साध्या लेथवर बोअर मारण्याजोगे नसते.

आठवी पायरी : कायदा आणि विमा, पैसे देण्याआधी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही बाब कडकपणे अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. आवाज आणि धुरासाठी कलम १९०(२) आहे. त्यात पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिन्यांसाठी लायसन्स अपात्र ठरण्याची तरतूद आहे. निर्मात्याच्या चाचणीत ८० ते १७५ सीसीच्या दुचाकीला ७७ डेसिबल आणि त्याहून मोठ्या गाडीला ८० डेसिबलची मर्यादा आहे. बाजारातील बहुतेक मोकळे सायलेन्सर डीबी-किलर (आवाज दाबणारी आतली नळी) काढल्यावर या हिशेबात बसण्याची आशा धरू नये. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) काढून टाकणारी पूर्ण एक्झॉस्ट प्रणाली तर बीएस६ गाडीवर रस्त्यासाठी नाहीच.

स्प्रॉकेटच्या दातांची नोंद आरसीवर नसते, त्यामुळे हा बदल त्या मानाने सौम्य आहे. तरीही वॉरंटीत असलेल्या गाडीचा गिअरबॉक्स किंवा चेन बिघडल्यास सर्व्हिस सेंटर त्यावर बोट ठेवू शकते. इंजिन किंवा एक्झॉस्टमधील बदल विमा कंपनीला न कळवल्यास अपघाताचा दावा अडू शकतो, म्हणून लेखी कळवून त्याची पोच ठेवावी.

नववी पायरी : एका वेळी एकच बदल, आणि त्याची मोजणी

टॉप स्पीड पाहण्यासाठी महामार्ग वापरू नये. ते धोकादायकही आहे आणि त्यातून फारसे कळतही नाही. त्याऐवजी चौथ्या गिअरमध्ये ५० वरून ८० पर्यंत जायला लागणारा वेळ फोनवरील जीपीएस ॲपने मोजावा, कारण स्पीडोमीटर बदलानंतर चुकत असला तरी जीपीएस चुकत नाही. रस्त्याचा तोच मोकळा, सपाट तुकडा घ्यावा, दोन्ही दिशांनी मोजून सरासरी काढावी म्हणजे वाऱ्याचा परिणाम निघून जातो, आणि बदलापूर्वीची व नंतरची मोजणी एकाच आठवड्यात, दिवसाच्या त्याच वेळी करावी. फोन हँडलच्या पक्क्या होल्डरमध्ये असावा आणि आकडा घरी येऊन पाहावा.

नवे स्प्रॉकेट बसवल्यावर पहिल्या काही शंभर किलोमीटरांत चेन थोडी ढिली होते, म्हणून साधारण ३०० ते ५०० किलोमीटरवर ताण पुन्हा पाहावा आणि मागच्या स्प्रॉकेटचे बोल्ट, पुढचा नट व ॲक्सल टॉर्क रेंचने पुन्हा तपासून घ्यावेत. काढलेले मूळ भाग सुस्थितीत असतील तर मेकॅनिककडे सोडून येऊ नयेत; गाडी विकताना, वॉरंटीच्या कामाला नेताना किंवा बदल न आवडल्यास तेच लागतात.